गुरांच्या फॉर्मवरची मुलगी
रक्त तपासायला गेलो की स्पिरिटच्या वासाने मला साक्रीकडच्या एका गावातलं गुरांचं शिबिर आठवतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बातमीसाठी गेलो होतो. गुरांचे डॉक्टर निंबाखाली सूक्ष्मदर्शक मांडून बैलांच्या कानातलं रक्त काचेवर घेऊन तपासत होते. एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलगी फिकी, गुडघे सुजलेले. ‘भाऊ, ढोरनं रगत देखतस, मन्ही पोरनं बी देखा ना.’ डॉक्टर आधी नको म्हणाले, मग त्यांनी एक थेंब घेतला आणि बराच वेळ डोळा लावून बसले. मलाही दाखवलं: गोल पेशींमध्ये काही विळ्यासारख्या वाकड्या. ‘असं मी कॉलेजात फक्त हरणाच्या रक्तात पाहिलंय,’ ते गोंधळून म्हणाले, ‘पण हरणाला त्याने काहीच होत नाही.’ बाई म्हणाली, ‘हरीन ते पळस, मंग ही का बरं चालत नही?’ डॉक्टरांनी पेन काढलं. धुळ्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला त्यांच्याजवळ गुरांचाच छापील फॉर्म होता. ‘जनावराचा प्रकार’ खोडून त्यांनी ‘मुलगी’ लिहिलं. ‘मालकाचे नाव’पाशी पेन थांबलं. ‘मन्हं ल्हिखा,’ बाई म्हणाली. विळ्यासारख्या पेशींच्या या आजाराला सिकलसेल म्हणतात, हे मला पुढे कळलं. तो फॉर्म धुळ्यात कोणी वाचला का, हे विचारायला मात्र मी कधी गेलो नाही. माझ्या बातमीत फक्त बैल होते.