सोजरबाईंचा चष्मा

सोजरबाईंनी माझ्याकडे अकरा वर्षं पोळ्या केल्या, आणि त्या अकरा वर्षांत त्यांचा चष्मा मी एकदाही पाहिला नाही. तरी मला काही कळलं नाही. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. कोथरूडमध्ये अजून जुने विद्यार्थी भर रस्त्यात वाकून नमस्कार करतात. करू नये, असं आता वाटतं.

सकाळी फिरायला जाताना मी फ्रीजवर चिठ्ठी लावून जायची. कात्रजहून बसने आलेल्या सोजरबाईंचा हमखास फोन यायचा, "बाई, चष्मा घरी ऱ्हायला. काय लिवलंय?"

मी म्हणायची, "चष्मा रोज घरी राहतो, तुम्ही स्वतः तेवढ्या कशा आठवणीने येता हो?" त्या हसायच्या. सही मात्र झोकात करायच्या. त्यामुळे बँकेत किंवा रेशनच्या दुकानात त्यांना कधी कोणी अडाणी म्हटलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या नवऱ्याचे, संभाजींचे, सांधे धरले. डॉक्टरांनी एक बारीक पिवळी गोळी दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. दवाखान्यात गर्दी होती. "कागदावर लिहिलंय," एवढंच तिथे सांगितलं. तो इंग्रजी कागद घेऊन सोजरबाई माझ्याकडे आल्या. मी मोठ्या हौसेने मराठीत लिहून दिलं: 'पिवळी गोळी फक्त सोमवारी, एकच.' खाली दोन रेघाही मारल्या. वाचनालयाच्या सभेला उशीर होत होता, म्हणून चिठ्ठी त्यांच्या हातात कोंबली आणि चपला घातल्या.

मागून हाक आली, "बाई, चष्मा..."

"अहो, मग घरी जाऊन वाचा!" मी जिन्यावरून ओरडले.

तीन आठवड्यांत संभाजींचं तोंड आतून सोललं. उष्णता झाली असेल म्हणून सोजरबाईंनी तूप लावलं. मग ताप चढला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रुग्णालयात मीही धावत गेले. डॉक्टरांनी गोळीबद्दल विचारलं, तेव्हा सोजरबाई मान वर करून म्हणाल्या, "रोज सकाळी एक दिली. पाकीट संपलं तसं दुसरं आणलं. एक दिवस चुकवली न्हाय."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मी भडकले. "सोमवारी म्हणून लिहून दिलं होतं ना मी? दोन रेघा मारून?"

"मला वाचता येत न्हाय, बाई."

हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं असावं. मला राग त्यांचा आला, मग डॉक्टरांचा, मग घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा खरा जिचा यायला हवा होता तिचा आला. पण त्या रागाचा संभाजींना काही उपयोग नव्हता. सहाव्या दिवशी ते गेले.

पंधरा दिवसांनी सोजरबाई कामावर आल्या. मला एका शब्दानेही दूषण दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं. कणीक मळता मळता मध्येच थांबल्या आणि कमरेच्या पिशवीतून माझी चिठ्ठी काढून ओट्यावर पसरली. त्यांनी ती घरी भिंतीवर चिकटवून ठेवली होती; सोडवताना तिचा एक कोपरा फाटला होता.

"यात सोमवार कुठं हाय, दावा."

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी पिठाचं बोट एकेका अक्षरावर टेकवत मोजलं, पुन्हा एकदा मोजलं.

"चारच अक्षरं व्हय, बाई?"