घाईनं उत्तर देणारे मीटर

सकाळी ज्ञानेश्वरीची तिसरी भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि दारावर थाप पडली. बेल असून दार वाजवणारा माणूस एक तर फार घाईत असतो, नाही तर त्याचा बेलवर भरवसा नसतो.

"कोन हाय?" नागाबाईंनी आतून विचारलं आणि बाहेरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "गॅसवाला असंल." सासूबाईंची ही जुनी खोड. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं त्यांना कधी जमलंच नाही.

गॅसवाला नव्हता. साठीला टेकलेला एक माणूस होता, खिशात टेस्टर आणि छातीशी गमछ्यात बांधलेलं काहीतरी.

"मी शरणप्पा. एमआयडीसीतल्या डाळमिलचा इलेक्ट्रिशियन. कॉम्प्युटरच्या पोटातलं काम करनाऱ्या बाई हितंच राहत्यात ना? वायरच्या दुकानदारानं पत्ता दिला."

"राहती की," नागाबाई म्हणाल्या. "पर तिला पंखा दुरुस्त करता येत न्हाई, आधीच सांगते."

हे खरंच होतं. ज्ञानेश्वरी मूळची उमरीची, नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, लग्न होऊन लातूरला आलेली. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करायची: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे ड्रायव्हर लिहिण्याचं. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरनं कुठल्या यंत्राशी कसं बोलायचं, ते ठरवणारा प्रोग्राम. तिच्या वाट्याला कारखान्यांतली यंत्रं आलेली. त्या कामाचं कौतुक सांगायला गल्लीत कुणी सापडत नव्हतं, हा भाग वेगळा.

शरणप्पांनी गमछा सोडला. आत तुरीतला ओलावा मोजणारा मीटर होता.

"असे बारा हायेत, तूर वाळवायच्या ड्रायरवर. तीन बिघडले होते, ते मी माझ्या हातानं दुरुस्त केले. चार म्हैने झ्याक चालले. मागच्या हप्त्यात मालकानं कॉम्प्युटर बदलला आन् बरोबर तेच तीन मुके झाले. मालक म्हनतेत, शरणप्पा, तुझी दुरुस्तीच कच्ची. सोमवारी तिन्ही भंगारात. पुढं मीटरला हात लावायचा न्हाई, बल्ब बदलत बस."

"सगळे मीटर एकाच तारेवर आहेत का काका?"

"हाव. दोन तारांची एकच जोडी. कॉम्प्युटर एकेकाला हाक मारतो. ज्याला हाक, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप."

"मग या तिघांना हाक ऐकू येत नसेल."

"येती की! हाक आली की हिरवा दिवा, उत्तर दिलं की लाल. लाल लागतो, मी सोता बघितलं. म्हंजे मीटर बोलायलाय बाई. तिकडंच कुनी ऐकून घेईना."

ज्ञानेश्वरीचा हात तिथंच थांबला. मीटर बोलतोय आणि तरी ऐकू येत नाही? मग ते बोलणं जातं कुठं? भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा नागाबाईंनी तिच्या हातातून उलथनं काढून घेतलं. "जा तू. आज तुझं चित्त हितं न्हाई."

अकराच्या सुमाराला ती मिलमध्ये पोचली. शरणप्पांनी सोबतचा मीटर परत ड्रायरवर बसवला. तुरीच्या फोलाची धूळ पापण्यांवर बसत होती. तिनं तारांना आपलं छोटं यंत्र जोडलं. तारेवरून जे जाईल त्याची रेघ लॅपटॉपवर उमटायची. जुन्या मीटरची रेघ सरळ होती: प्रश्न, थोडी शांतता, मग उत्तर. दुरुस्त केलेल्या मीटरची पाहिली आणि ती पुढं सरकून बसली.

"काका, सेकंदाचे हजार भाग केले असं समजा. प्रश्न संपल्यावरही नवा कॉम्प्युटर दहा भाग तार धरूनच ठेवतो. जुने मीटर विसाव्या भागाला बोलतात, तोवर तार मोकळी झालेली असते. तुमचे तीन चौथ्यालाच सुरू होतात. त्यांची पहिली अक्षरं चिरडली जातात, आणि तुटकं उत्तर कॉम्प्युटर फेकून देतो. तुम्ही आत काय बदललंत?"

"चिप. जुनी मिळंना. नांदेडहून नवी आनली, जरा तेज हाय."

तिला हसू आलं. "म्हणजे अगदी आमच्या सासूबाई."

शरणप्पा हसले नाहीत. "चूक कुनाची म्हनायची?"

ज्ञानेश्वरीनं मिलच्या कॉम्प्युटरकडं खुर्ची ओढली. त्यावरही लिनक्सच होतं; तिनं त्यातला ड्रायव्हर उघडून वाचला. शेवटचं अक्षर जायच्या आत तार सुटली तर प्रश्नच अर्धा राहतो, म्हणून कुणीतरी काही वर्षांपूर्वी थोडं थांबायची सोय करून ठेवली होती. माणूस बेफिकीर नव्हता, उलट भित्रा होता. पण अंदाजानं थांबण्यापेक्षा अक्षर खरंच गेलं का, हे कॉम्प्युटरच्या चिपलाच विचारता येत होतं. तिनं तसा बदल केला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

बाराच्या बारा मीटर मुके.

"आता तर सगळेच गेले की हो," शरणप्पा पुटपुटले.

तिनं पुन्हा रेघ पाहिली. कॉम्प्युटरची चिप म्हणत होती, माझ्याकडचं सगळं संपलं. पण शेवटचं अक्षर हातातून सुटलेलं असलं तरी अजून उंबरठ्यावरच होतं, आणि तेवढ्यात तार सुटत होती. तिचा प्रश्नच चुकला होता. तुझ्याकडचं संपलं का, असं नाही, बाहेर पडलं का, असं विचारायला हवं होतं. एक ओळ बदलली. पहिला मीटर बोलला, दुसरा बोलला. शरणप्पा पडद्याला नाक लावून उभे होते. आपल्या तिघांचे आकडे आले तेव्हा त्यांनी गमछ्यानं चष्मा पुसला.

"चूक ड्रायव्हरची होती काका," ज्ञानेश्वरी म्हणाली. "जो विचारतो, त्यानं विचारून झाल्यावर गप बसायला पाहिजे. ही दुरुस्ती मी लिनक्स सांभाळणाऱ्यांकडं पाठवणार आहे. त्यांनी घेतली तर जगभर जाईल. चूक कुणी दाखवली, कुणी तपासली, त्याचं नाव खाली लिहायची तिथं पद्धत आहे. तुमचं घालते."

शरणप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"घाला की, न्हाई म्हनत न्हाई. पर आमचे मालक ते कुठं वाचनार? सोमवारी ते येतील तव्हा तुमी या, आन् त्यांच्यासमोर एकदा म्हना, शरणप्पाचे मीटर चांगले होते."