बर्फावरचा तंबू आणि दाराबाहेरचे बूट

काल आपल्या याच परदेशातल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बर्फावर मासेमारी? हे आपल्या लोकांचं काम नाही." घ्या, आजच करून आले!

उंटरश्लाइसहाइम गावाजवळचं आमच्या मासेमारी क्लबचं तळं यंदा घट्ट गोठलंय. क्लबने बर्फ तपासून परवानगी दिली आणि आम्ही निघालो: मी, नवरा आणि मालवणहून आलेल्या सासूबाई. मासेमारीचं लायसन्स माझं, म्हणून तंबूही मीच उभारला.

वारा सुसाट होता. आधी वाऱ्याकडची बाजू बर्फात स्क्रू पिळून पक्की केली, मगच तंबू उघडला. खालच्या झालरीवर फावड्याने बर्फ दाबला. आत हीटर लावायचा होता, म्हणून हवेची खिडकी उघडीच ठेवली. खाली फोमच्या जाड मॅट आणि वर आमची घरची सतरंजी.

सतरंजी दिसताच सासूबाईंनी दाराबाहेर बूट काढले. बर्फावर! शेजारच्या तंबूतला माणूस खो खो हसायला लागला. नवरा ओशाळून म्हणाला, "आई, बूट घाल ना. लोक बघतायत."

"बघूंदेत. घरात कोण बूट घालून येता?"

घरात! झालं, मीही बूट काढले. नवऱ्याला म्हटलं, "तूही काढ, नाहीतर बाहेर बस." त्यानेही काढले.

मासा एकही लागला नाही. निघताना बुटांत बर्फ भरलेला, पाय बधिर. चालतंय. तंबू तसूभर हलला नाही.

तर "आपल्या लोकांचं काम नाही" म्हणणारे कोण होते? या एकदा आमच्याकडे तळ्यावर. चहा मिळेल. बूट मात्र बाहेर काढायचे.