रविवारची लावणी

मुळशीत रस्त्याच्या कामाला आलो तेव्हा चौथीतच शाळा सुटलेली आणि घर लांब, नगरकडं. ज्या मावशींनी पडवीत आसरा दिला, त्यांचा मालक ऐन लावणीत तापानं पडला. भाताची रोपं पिवळी पडू लागली. रविवारी गावानं इर्जिक ठरवली, मजुरी न घेता सगळे हात लावणार होते. माझा रविवार प्रार्थनेचा, म्हणून मावशींनी मला हाकही मारली नाही.

डोळे मिटून बसलो, पण कान शिवाराकडं. रविवार मोडू नको, असं आईनं बजावलेलं. शेजाऱ्यावर प्रीती कर, हेही तिचंच. दोनदा उठलो, दोनदा बसलो. शेवटी गेलो.

आमचा मुलूख ज्वारीचा. मी रोपांचे जाड झुबके चिखलात खोल खोचत सुटलो.

"आरं, रोप लावतुयास का मेख ठोकतुयास?" मावशी ओरडल्या. बायका खदखदल्या. मग दोन-दोन काड्या लावत गेलो. दिवेलागणीला खाचर पुरं झालं.

जेवताना मावशींनी हळूच विचारलं, "तुजा द्येव रागावंल का रं?"

"काय ठावं, मावशी."

"रागावला तर माजं नाव सांग."

पुढच्या रविवारी त्यांचं नाव घेतलं खरं, पण मालकाचा ताप उतरू दे म्हणून. माफी मागायची राहूनच गेली.