कळमेश्वरची सरकणारी भेग

नागपूरच्या गांधीबागेतल्या दुकानांची शटर अजून खाली होती, तेव्हाच मी मोपेडच्या डिकीत हातोडा, मोजपट्टी, पाण्याची बाटली आणि कापडाचे तुकडे भरले. बाबा ठोक कापडाचे व्यापारी आहेत. दगडांचे नमुने बांधायला कापडासारखे दुसरे काही नाही, त्यामुळे दुकानातल्या कातरणांवर माझा पहिला हक्क असतो. तुकडे देताना बाबांनी विचारले, "एवढ्या सकाळी कोणता ज्वालामुखी उघडतो गं?"

हसायला मला फुरसत नव्हती. सोमवारी मुलाखत होती. अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर, आपल्या देशातला जागृत ज्वालामुखी आहे. तिकडे जाणाऱ्या एका संशोधन-जहाजावर नवोदितांसाठी एकच जागा होती आणि तिच्यासाठी मी अर्ज केला होता. थिजलेल्या लाव्हावर जन्मून, शिकून, परीक्षा देऊन मला कंटाळा आला होता. वाहता लाव्हा पाहायचा होता. अर्जात मी लिहिले होते की कळमेश्वरच्या पुढे, उपग्रहाच्या चित्रात, मला एक सरळ काळी रेघ सापडली आहे आणि ती बहुधा ज्वालामुखीची भेग आहे. 'बहुधा' हा शब्द मी शेवटच्या वाचनात काढून टाकला होता. आता मुलाखतीआधी ती रेघ पायाखाली घालणे भाग होते.

काटोल रस्त्याने शहर मागे पडले. जानेवारीतले धुके बागांवर रेंगाळत होते आणि संत्र्यांची खोकी रस्त्याकडेला रचली जात होती. ज्वालामुखी म्हटले की लोकांना निमुळता डोंगर आणि त्याच्या डोक्यावरचा धूर आठवतो. आमच्याकडे तसा डोंगर शोधू नये. पृथ्वीच्या पोटातला तापलेला घन खडक अतिशय सावकाश वर सरकतो. वरचा दाब उतरला की त्याचा काही भाग वितळतो. हा रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वाट काढत चढतो आणि चढताना त्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन फुगतात. रस दाट असेल तर बुडबुडे अडकतात आणि डोंगराचे टोपणच उडते. रस पातळ असेल तर वायू सहज सुटतात, लाव्हा लांबच लांब भेगांतून वर येतो आणि उतू गेलेल्या दुधासारखा पसरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनची जमीन अशी थरावर थर चढत तयार झाली. नागपूर त्या पसाऱ्याच्या पूर्वेच्या काठावर आहे. पश्चिमेकडे भेगा सापडतात. मग आमच्याकडचा लाव्हा तिकडूनच वाहत आला, की इथेही जमीन फाटली होती? माझी रेघ खरी ठरली, तर या प्रश्नाच्या उत्तरात माझाही वाटा असणार होता.

कळमेश्वरला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी रात्रपाळी सुटत होती. कामगारांच्या घोळक्यात उभ्याने पोहे खाल्ले, वर तर्री (लालभडक तिखट रस्सा) घालून. गाडीवाल्याची नजर डिकीतून डोकावणाऱ्या हातोड्यावर गेली.

"मॅडम, कोणाचं घर पाडून राहिल्या?"

"अजून ठरलं नाही," मी म्हटले. पुढे ते उत्तर मला आठवत राहिले.

डांबर संपले आणि शेतांची वाट लागली. कुणीतरी गव्हाला पाणी सोडले होते. काळी माती चाकाला चिकटली, मडगार्डमध्ये ठासून बसली आणि मोपेड जागच्या जागी रुतली. ही मातीसुद्धा लाव्हाचीच: खडक झिजून झालेली. साडेसहा कोटी वर्षांनंतरही तिने मला अडवलेच. काडीने चाक मोकळे करत बसण्याइतका धीर मला नव्हता. गाडी बाभळीला टेकवून मी चालू लागले आणि पाचव्या मिनिटाला धावू लागले, कारण समोर ती रेघ होती.

दोन शेतांच्या मधून, कमरेइतकी उंच, काळ्या दगडांची लांबलचक ओळ. भेगेतून वर येणारा लाव्हा भेगेतच थिजला की त्याची भिंत होते. आम्ही भूशास्त्रवाले तिला डाइक म्हणतो. भोवतालची जमीन झिजते, भिंत उभी राहते. समोरचे दृश्य हुबेहूब तसेच होते. काही दगड सच्छिद्र, काही घट्ट, काही तांबूस होते. एकाच भिंतीत इतक्या जाती असायला नकोत, हे मला दिसले आणि मी ते बाजूला सारले. मोजपट्टी काढून रुंदी मोजायला लागले.

"ओ मॅडम! काय मोजून राहिल्या?"

कपाशीतून साठीच्या एक बाई येत होत्या, कमरेला बांधलेल्या ओटीत वेचलेला कापूस. या सिंधूबाई. त्यांचा आवाज ऐकून ओळीच्या पलीकडच्या तुरीतून त्यांचे दीर देवराव उगवले, डोक्याला दुपट्टा बांधलेले.

"मोजणी असन त मले नोटीस काहून नाही आली?" देवराव माझ्यावरच गरजले.

"काका, मी मोजणीची नाही. मी दगड पाहायला आले आहे."

"गोटे पाहाले?" सिंधूबाईंनी ओटी सावरली. "मंग या की आमच्या वावरात, भरून न्या. वेचू वेचू कंबर मोडली वं बाई."

मी त्यांना भेगेबद्दल सांगितले: खालचा तप्त रस, फाटलेली जमीन, थिजलेली भिंत. देवराव लक्ष देऊन ऐकत होते.

"आयकलं का, वहिनी? धुऱ्याखाली (दोन वावरांमधल्या बांधाखाली) आग होती म्हनते."

"आग तुमच्या डोक्यात हाय, भाऊजी. धुऱ्याले काहून बदनाम करता?"

"मंग मॅडमलेच इचारू. सांगा मॅडम, हा धुरा माह्या वावरात दोन हात सरकला का नाही? दरसाली वहिनी गोटे वेचते अन् माह्या अंगानं टाकते."

"अन् तुम्ही? तुम्ही त रातच्याले ढकलता!"

"सरकला?" मी विचारले. डाइक झिजतो, तुटतो, मातीखाली दडतो. शेजाऱ्याच्या वावरात दोन हात सरकत नाही.

तरीही मी हार मानली नाही. वेचलेले दगड खऱ्या भिंतीवर रचले असतील, असा तर्क मी काढला. दगड उपसून तळ पाहायला हवा होता. दगडाला हात लावताच दोघेही एका सुरात ओरडले. धुऱ्याचा गोटा हलवणे म्हणजे तंट्याला आमंत्रण. अखेर तडजोड झाली: दोघांनी दोन बाजूंना बसायचे, मी प्रत्येक दगड कापडाच्या तुकड्यावर ठेवायचा आणि काम झाले की जागच्या जागी लावायचा. शेजारशेजारचे दगडही भिन्न थरांतले निघत होते. त्या जागेवरचा तळाचा दगड उचलला. खाली खडक नव्हता. मऊ, ओलसर काळी माती होती आणि तिच्यात पऱ्हाटीचे (कपाशीचे) कुजके खुंट.

"पाहा!" देवराव उभेच राहिले. "धुऱ्याखाली माही पऱ्हाटी!"

"तुमची कशावरून? नाव लिवलं हाय का तिच्यावर? माही हाय ते!"

ते खुंट कोणाचेही असोत, माझी भेग संपली होती. मी मातीत बसून राहिले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून भांडण थांबले.

"काहून वं, रडते का? चाल, दोन घास खा."

विहिरीच्या काठावर सिंधूबाईंनी मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, भाकर आणि ठेचा पुढे केला. देवराव आपला डबा घेऊन तिथेच आले. विहीर अजून सामाईक आहे. शेंगा सोलताना मी आत वाकून पाहिले. खाली काळा थर, वर काळा थर आणि दोहोंच्या मध्ये हातभर विटकरी पट्टा. पहिला लाव्हा थंड झाला, उघडा पडला, ऊन-पावसाने त्याची माती झाली. मग दुसरा आला आणि त्या मातीवर पसरला. ज्वालामुखीलाही मध्ये खंड पडतो. मला मात्र पडत नव्हता: घास तोंडात असतानाच मी मनात अर्ज नव्याने लिहीत होते.

निघण्याआधी दगड परत लावले. मोजपट्टी ताणून, दोघांच्या डोळ्यांदेखत, एकेक. देवराव म्हणाले, "हा कोपरा जरा इकडं..." मी म्हटले, "नाही."

काडीने चाक जेमतेम मोकळे करून कळमेश्वर गाठले. पोह्यांच्या त्याच गाडीजवळ उभी राहून, मी निवड समितीला ईमेल पाठवला: अर्जातली भेग हा शेताचा बांध आहे, दावा मागे घेत आहे. बोट बटणावर बराच वेळ अडखळले. पाठवल्यानंतर मात्र मोपेड हलकी वाटली, चाकाला निम्मे वावर चिकटलेले असूनही. घरी बाबांनी कापडाच्या गाठोड्याकडे पाहून विचारले, "सापडली भेग?" मी म्हटले, "भाऊबंदकी सापडली."

मुलाखतीत धुऱ्यावरून खूप हशा पिकला आणि जहाजावरची जागा दुसऱ्या कुणाला गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपग्रहाची चित्रे उघडली. खाप्याच्या अलीकडे, टेकडीच्या अंगाला आणखी एक काळी रेघ होती. खापा हे सिंधूबाईंचे माहेर, हे शेंगा सोलताना कळले होते. मी फोन लावला.

"काकू, धुरा कसा आहे?"

"तू लावला तेवढा सरळ हाय. त्याले भाऊजी हात लावत नाही, मी बी नाही. बाकीच्यावर चालू हाय आमचं."

मी त्यांना टेकडीची खूण सांगितली आणि विचारले, "तिथली वावरं कोणाची?"

"कोनाचीच नाही वं. बरड हाय नुसती, कुसळं उगवते. तिथं भांडाले माणूसच नाही, त धुरा घालन कोण?"

मी फोन कानाशी धरूनच कापडाचे तुकडे शोधायला उठले.