काकीला मी सांगितलंच नव्हतं

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आईलासुद्धा नाही. रविवारी काकीला सांगितली, तिच्यामुळे वाडीला कळली. कॉलेजात गटातल्या मैत्रिणी सोडल्या तर अजून कुणाला माहीत नाही, म्हणून कॉलेजच्या या अंकात लिहिते आहे — सर, तुम्हीही आता इथेच वाचाल. मला वाटलं होतं लिहिणं जड जाईल. तसं काही होत नाहीये. उलट मोकळं वाटतंय, आणि त्याचीच थोडी लाज वाटते.

आमची कातकरी वाडी नागोठण्याच्या अलीकडे, अंबा नदीला लागून. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रोह्याच्या कॉलेजात नाव घातलं, तिथल्याच वरसे गावात मुलींबरोबर खोली घेतली. कुठली म्हणून कुणी विचारलं की मी नागोठण्याची म्हणायचे. ते खोटं नव्हतं — पण खरंही कुठे होतं?

दुसऱ्या वर्षाला सरांच्या देखरेखीखाली कॉलेजच्या आमच्या सेवागटाने नदीकाठच्या वाड्यांना पुरासाठी तयार करायचं काम घेतलं. पेणला आमचं प्रशिक्षण झालं. दोर कसा बांधायचा, म्हातारी माणसं कशी उचलायची, हाताने फिरवायचा भोंगा कसा वाजवायचा. भोंगा झाला की हातातलं टाकून टेकावरच्या शाळेत जायचं, एवढंच लोकांना शिकवायचं होतं. आणि पहिली वाडी निघाली ती आमचीच, तेव्हा मी कुठली ते सगळ्यांना कळलंच.

सराव ठेवला जानेवारीत. परीक्षेच्या आधी उरकावा म्हणून. आता जानेवारीत आमच्या वाडीत असतं कोण? दिवाळी झाली की निम्मी वाडी पोराबाळांसकट वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. हे मला ठाऊक नव्हतं? माझं लहानपण भट्टीवर गेलंय. त्या दिवशीही माझे आईबाबा आणि काका-काकी भट्टीवरच होते.

बंद दारं बघून सरांनी विचारलं, ही माणसं कुठे गेली? मी म्हटलं, कामाला गेलीत, संध्याकाळी येतील, मी सांगेन त्यांना. भट्टीचं नाव तोंडातून निघालं नाही. निघालं असतं तर मैत्रिणींनी लगेच विचारलं असतं — आणि तुझे आईबाबा?

पुढे मे महिन्यात सगळे परतले. आईला मी जेवताना भोंग्याचं सांगितलं. बाकीच्या घरांत जायचं होतं. पण बायका हसतील, ‘लय शिकली गो ही’ म्हणतील, असं वाटायचं. आज नको, उद्या जाऊ. मग कॉलेज सुरू झालं. आईला वाटलं, हिने सगळ्यांनाच सांगितलं असेल. तिला तसं का वाटू नये?

जुलैत नदी चढली ती भर दुपारी. मी तेव्हा रोह्याला होते. भोंगा झाला, आणि नेमकी जवळच्या कंपनीची शिफ्ट सुटायची वेळ. सराव केलेले लोक टेकाकडे निघाले, आई निघाली, तिच्यामागून आणखी काही जण. काकीचं घर नाल्याच्या बाजूला, सगळ्यांच्या खाली. तिला वाटलं कंपनीचा भोंगा. रोज होतो, तसाच. ती चुलीपाशी बसून राहिली. पाणी आत आलं तेव्हा धाकट्या सोनीला खांद्यावर घेऊन तिने दारातल्या करंजाला मिठी मारली. काकाने आणि दोघाचौघांनी दोर टाकून मायलेकींना ओढून काढलं. शेळ्या दाव्यालाच मेल्या.

इथपर्यंतचं सांगणं सोपं होतं. अवघड ते पुढे आहे.

पुरानंतर कॉलेजात बैठक झाली. सरांनी मला विचारलं, खालच्या घरांना कळवलं होतं ना? मी म्हणाले, “हो सर, मी स्वतः सांगितलं होतं.” किती सहज म्हणाले! शेजारची मैत्रीण माझा हात दाबून म्हणाली, तू तरी काय करणार, काही माणसं ऐकतच नाहीत. मी मान हलवली. माझ्या काकीबद्दल — जिने भट्टीवर मला स्वतःच्या ताटातलं भरवलं, तिच्याबद्दल.

आमचा गट वाडीत ये-जा करायचा, ते वाक्य तिथे पोचायला कितीसा वेळ लागणार? बायका काकीला चिडवायला लागल्या. पुढल्या पावसात हिला न्यायला कंपनीची बस बोलवा गो, म्हणायच्या. काकी हसून सोडून द्यायची. मीही हसायचे.

यंदा सराव मे महिन्यात ठेवला, सगळे परतल्यावर. रविवारी मी काकीला बोलवायला गेले. ती सोनीची वेणी घालत होती. वर न बघताच म्हणाली, “मला नको गो. माझ्या टकुऱ्यात काय राहत नाय. मागल्या पावसात पोर घालवली असती मी.”

ती येणार नव्हती. स्वतःच्या डोक्यावरचा तिचा भरवसाच उडाला होता, आणि पाणी तर पुन्हा येणारच होतं. मी उंबऱ्यातच बसले.

“काकी, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाय. आणि सांगितलं म्हणून खोटं बोलले.”

तिचे हात थांबले. सोनी मान वळवून आम्हा दोघींकडे बघायला लागली.

“मंग मी इसरले नव्हते?”

“नाय.”

“वरीसभर आठवतेय मी,” ती म्हणाली. “कवा सांगितलं हिने, कुठं बसून सांगितलं. रात-रात आठवतेय.”

 

तिने वेणीची गाठ मारली, सोनीला कडेवर घेतलं आणि टेकाची वाट धरली. मी मागे. शाळेच्या पटांगणात सगळ्या बायका जमल्या होत्या. माझ्या मैत्रिणी होत्या, भोंगा घेऊन. काकी त्यांच्यामधे जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बोट करून मोठ्याने म्हणाली, “मी इसरले नव्हते. हिने मला सांगितलंच नव्हतं. इचारा हिला.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

“व्हय,” मी म्हटलं. “नव्हतं सांगितलं.”