बोरगावच्या विहिरीतली हवा

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धाकटे दीर रामदासभाऊजी पंपाखालचा पाइप दुरुस्त करायला विहिरीत उतरणार, असा निरोप आला आणि मी पांढुर्ण्याहून सकाळची पहिली बस धरली. त्याच विहिरीतल्या विषारी हवेनं आमच्या ह्यांचा जीव घेतला होता.

रस्ता खड्ड्यांचा. आधी कापूस, मग संत्र्याच्या बागा. सौंसरच्या स्टँडवर तर्री-पोहे छान मिळतात, गेलात तर खा. नागपूरच्या बसनं नणंदेचा प्रकाश आला. तो कॉलेजात शिकवायचा. त्यानं बनवलेल्या यंत्रात नखाएवढी स्फटिकाची चकती सतत थरथरते. वायू चिकटला की चकती जड होऊन मंदावते; डब्यातल्या दुसऱ्या चकतीशी तिचा जेवढा फरक पडतो, तेवढा डब्यातला सूर चढतो. असल्या चकत्यांबद्दल मी मासिकात वाचलं होतं, तेव्हापासून त्याच्या मागे लागले होते.

जीपनं बोरगावला पोचलो. विहिरीवर पूजा आटोपली होती, कापूर अजून जळत होता. प्रकाशनं लांब वायरीनं चकती खाली सोडली. डबा काठावरच होता. सूर चढला.

"वायू आहे!" मी ओरडले.

"थो कापूर असन, वहिनी," भाऊजी हसले. "पूजेलेच भेवून राहिला तुमचा डब्बा!"

"असू शकतं, मामी," प्रकाश हळूच म्हणाला. "ओलीनंही चढतो. नक्की सांगता येत नाही."

"मग नक्की होईपर्यंत कोणी उतरायचं नाही."

"बाग वाळून राहिली, वहिनी!"

"वाळू द्या."

कापूर विझवून ताट दूर ठेवलं. पुन्हा चकती सोडली. पंपापर्यंत सूर जेमतेम हलला, त्याखाली किंचाळायला लागला.

आमच्याकडे उतरण्याआधी कंदील सोडतात, पण पंपापर्यंतच. खाली पाणी उडून काच तडकते म्हणून. "तडकू द्या," मी म्हणाले. पंपाजवळ ज्योत शांत होती. हातभर खाली गेली आणि विझली.

मग कोणी हसलं नाही. दुपारपर्यंत बादल्यांनी पाणी ओतलं, कडुनिंबाच्या फांद्या खालीवर केल्या. सूर उतरला, कंदील पाण्यापर्यंत जळत राहिला, तेव्हा भाऊजी कमरेला दोर बांधून उतरले. ते वर येईपर्यंत मी डब्यावरून कान हलवला नाही.

संध्याकाळी जावेनं दिलेली संत्री घेऊन घरी परतले. प्रकाशच्या यंत्रानं भाऊजींना वाचवलं का, असं पुष्कळांनी विचारलं. काय सांगणार? शेवटी आम्ही कंदील हातभर जास्त सोडला, एवढंच. तेवढी दोरी ह्यांच्याही वेळी काठावर उरलेली होती.